नादारांच्या परदेश प्रवासाविषयी

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 मध्ये कलम 80 पासून 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया सांगितली आहे. गरीब कर्जदाराचे बिगरतारण देणे कायमचे पुसून टाकणे हा तिचा हेतू. वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि पात्र कर्ज 35,000 रुपयांपेक्षा जास्त नसावे. स्वतःचे घर नसावे. गहाण पडलेले घरही घरच धरले जाते. सोनेतारण कर्ज हिशेबात येत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत घेतलेले कर्जही नाही. धंद्याला लागणारी अवजारे मात्र मालमत्तेतून वगळली आहेत, म्हणजे ब्लाउज शिवणाऱ्या बाईचे मशीन तिच्याकडेच राहते.

अर्ज दाखल करून घेतला की 180 दिवस धनकोंना तगादा लावता येत नाही. याच काळात कर्जदाराने काय करावे आणि काय करू नये, ते कलम 85 सांगते. त्याने कोणत्याही कंपनीचे संचालकपद भूषवू नये, धंद्यातील भागीदारांना आपल्या स्थितीची कल्पना द्यावी आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ नये.

यातील शेवटची अट विशेष अभ्यासण्याजोगी आहे. कायद्याच्या व्याख्येतील नादार महिन्याला जास्तीत जास्त 5,000 रुपये कमावतो आणि पासपोर्टच्या साध्या अर्जाला 1,500 रुपये लागतात. तेव्हा ब्लाउज शिवणाऱ्या बाईने महिनाभर मशीन चालवून, भाडे थकवून, किराणावाल्याला पुढच्या सोमवारचा वायदा करून पासपोर्ट काढला, तर देणी बुडवून ती विमानात बसेल, ही भीती कायद्याला वाटली असावी. ही वाट बंद झाली, की संचालकपदाची वाटही बंद. बचत गटाच्या बैठकीला तिने जरूर बसावे, संचालक मंडळाच्या बैठकीला बसू नये. भागीदारांना कळवण्याची जबाबदारी त्याहून नाजूक. शेजारीण फॉल-पिको आणि काज-बटण करून देते, तिला भागीदार मानले तर आपल्यावर नादारीची कार्यवाही चालू असल्याचे तिला सांगावे लागेल. वसुलीवाल्याची मोटारसायकल दर मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी उभी असते आणि त्याचा आवाज चार घरे ओलांडून जातो, त्यामुळे शेजारणीला धक्का बसण्याची शक्यता कमी. तरीही बाईंना एखाद्या परिषदेसाठी परदेशी जाणे भागच पडले, तर परवानगीचा अर्ज न्यायाधिकरणापुढे करावा. ते न्यायाधिकरण म्हणजे 1993 च्या कायद्याने बँकांच्या कर्जवसुलीसाठी स्थापलेले. 20 लाखांखालचा बँकेचा दावा तेथे चालत नाही. 35,000 रुपयांच्या सुटकेसाठी मात्र तेच दार ठोठावायचे.

प्रत्यक्षात यापैकी कशाचाच त्रास कोणाला झालेला नाही, कारण हे प्रकरण अंमलातच आलेले नाही. संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. बाकीच्यांसाठी मुंबईत 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा, असे ब्रिटिशांचे कायदे शिल्लक आहेत. त्यातील 1920 च्या कायद्यात कर्जदाराच्या अर्जासाठी देणे 500 रुपयांचे असावे लागते. सुटका लागू नाही, तशी बंदीही लागू नाही. ब्लाउज शिवणारी बाई तूर्त परदेशी जायला मोकळी आहे.

कंपन्यांच्या बाबतीत अशी दिरंगाई आढळत नाही. कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू करण्याची किमान थकबाकी मार्च 2020 मध्ये एका अधिसूचनेने एक लाखावरून एक कोटी झाली. कलम 32-अ आले आणि नव्या मालकाच्या हाती गेलेल्या कंपनीची जुन्या गुन्ह्यांच्या दायित्वातून सुटका झाली. गरिबाच्या सुटकेचा विषय निघाला, की मात्र पतशिस्त बिघडते. ही पतशिस्त मोठी चमत्कारिक. हजारो कोटींवर पाणी सोडताना तिला व्यवहार दिसतो आणि 35,000 रुपयांच्या नावाने ती अंथरूण धरते! कर्ज देताना हीच व्यवस्था उदार असते. 2022 पासून वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्नाचे कुटुंब सूक्ष्मकर्जासाठी अल्प उत्पन्नाचे धरले जाते. नवी सुरुवात मागणाऱ्याचे उत्पन्न 60,000 च्या वर गेले, की तो त्या कलमापुरता गरीब राहत नाही. हप्ता लावण्यापुरते गरीब आणि सुटकेपुरते सधन ठरवण्याची ही सोय निर्लज्ज आहे, आणि तिला धोरण म्हणणाऱ्यांनी महिना 5,000 रुपयांत एकदा घर चालवून दाखवावे.

दुरुस्तीचे दोन भाग पडतात. प्रकरण लागू करायला एक अधिसूचना पुरते. 60,000, 20,000 आणि 35,000 हे आकडे कायद्याच्या कलमातच असल्याने ते बदलायला संसद लागते. पहिला भाग आधी केला, तर जुन्या आकड्यांत बसणारे फार थोडे सापडतील आणि योजनेला मागणीच नाही, असा अहवाल लिहिता येईल. म्हणून आकडे आधी बदलावेत, अधिसूचना त्यामागून काढावी आणि परदेश प्रवासाची अट वगळावी.