दहा वाजून दहा मिनिटे

31 मार्च 1951 रोजी, भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात असताना, मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली, गावोगावचे तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' हे लांबलचक नाव जिभेला पेलेना म्हणून लोकांनी त्यांचे 'मामा तलाव' करून टाकले; परंतु ज्यांच्यामुळे ते नाव पडले, त्यांतील कित्येकांना आपण माजी झाल्याची वर्दी अद्यापि पोहोचलेली नाही. अशा गृहस्थांचा एक वर्गच वैनगंगेच्या काठी नांदतो. त्यांच्या वाड्याची मागची भिंत ढासळते, पुढच्या दरवाजाच्या पितळी कड्या मात्र दर दसऱ्याला चिंचेने घासल्या जातात. वहीत जमेची बाजू कोरी असते, पण वही बाळगणारे दिवाणजी असतातच.

आमचे मालगुजारसाहेब हे या वर्गाचे अर्क. नागपुरास सीताबर्डीवर एका घड्याळजीकडे सोनेरी स्विस घड्याळाचा भाव ऐकून ते दोन पावले मागे सरले, तेव्हा दुकानदाराने (तो प्रामाणिक होता, हे नमूद करणे न्यायाचे) सांगितले की तेच कवच, तीच काच आणि तोच पट्टा असलेले, पण आत यंत्राचा लवलेश नसलेले, केवळ दर्शनी कपाटात मांडण्यासाठी घडवलेले एक घड्याळ पाव किमतीत देता येईल. त्याचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर कायमचे बसवलेले होते. कारण त्या स्थितीत ते कंपनीच्या नावावर दोन्ही बाजूंनी चवऱ्या ढाळीत असल्यासारखे दिसतात. चवऱ्या पाहून साहेब विरघळले आणि घराण्याच्या नावावर ते घड्याळ जांगड घेऊन आले.

घ्यावे की परत करावे, याचा निकाल देण्यास त्यांना पुरता एक खरीप लागला. अनुकूल मुद्दे भक्कम होते. बिघडलेले घड्याळ घेणारा मूर्ख ठरतो, हे तर कधी बिघडणारच नव्हते. किल्ली नको, तेल नको. शिवाय दहा-दहा ही कारकुनांची कचेरीकडे धावण्याची वेळ, आणि मालगुजाराची सकाळचा पहिला विडा जुळवण्याची. कायम तेवढेच वाजलेले असणे घराण्यास शोभणारे होते. माजघरात सल्ला विचारला असता, घरात बसून राहणारे एक आहे, दुसऱ्यास जागा नाही, एवढेच उत्तर आले.

खरी धास्ती भंडारा शहराची होती. जे शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, तेथे स्वतःचे पितळ उघडे पडणे यासारखी नामुष्की नाही. आणि तेथला जुना कासार भांडे डोळ्यांनी पाहतच नाही, टिचकी मारून ऐकतो. साहेबांनी आपण होऊन त्याच्यापुढे मनगट धरले. त्याने टिचकी मारली, कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, "सोनं असन जी मालक, पण बोलत नाई."

परतताना दिवाणजींनी भीतभीत शंका काढली, "मालक, बाजारात कोणी वेळ विचारली तर जी?"

साहेब थांबले. मालगुजारी गेल्यापासून इतके प्रसन्न ते दिसले नव्हते. "वेळ का मालगुजाराला विचारतात, दिवाणजी? वेळ दिवाणजी सांगतात."

व्यवहार तेथेच ठरला. नमुन्याच्या घड्याळाचे पैसे धान विकून चुकते झाले, आणि दिवाणजींना, सहा महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी, 1961 पासून जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरास निघू लागलेले एच.एम.टी.चे चालते घड्याळ देण्यात आले. आता आठवडी बाजारात कोणी वेळ विचारली की साहेब कोटाची बाही मागे सारून मनगट पुढे करतात, त्याच्यावर गंभीर दृष्टिक्षेप टाकतात, आणि अर्धे पाऊल मागे उभे असलेले दिवाणजी बारा वाजून पाच मिनिटे झाल्याचे जाहीर करतात.

गेल्या महिन्यात दिवाणजी चार दिवस लेकीकडे तुमसरास गेले होते. ते चार दिवस साहेबांची प्रकृती बरी नव्हती.