वर्षरक्षक भाऊ

मार्चअखेर कुवेतमधल्या भारतीय शाळांचे निकाल लागतात आणि भाऊंचा हंगाम सुरू होतो. एरवी शुक्रवारी बारापर्यंत न उठणारा हा माणूस त्या दिवसांत सकाळी दहालाच लिफ्टमध्ये उभा असतो आणि सापडेल त्याला विचारतो, "काय, पुढचं ठरलं का?" ज्याला मूलबाळ नाही त्यालाही विचारतो.

भाऊ म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. फहाहीलला आहेत, मंगफला आहेत, अब्बासियात तर बिल्डिंगीमागे एक आहेत. आमच्या साल्मियाचा नमुना मला जवळून ठाऊक, म्हणून त्याच्यावर लिहितोय. वय पन्नाशीच्या आसपास, पोट पन्नाशीच्या बरंच पुढे. मीना अब्दुल्ला रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे मेंटेनन्स प्लॅनर. बोलायला लागले की दर तिसऱ्या वाक्यात "शेड्यूल" येतं आणि दर पाचव्या वाक्यात "मी आधीच सांगितलं होतं".

भाऊंचं जीवितकार्य एकच. कुणाचंही वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. पैसे गेले तर ते फारसं मनाला लावून घेत नाहीत. शेअर, पनवेलचा फ्लॅट आणि धाकटा मेहुणा अशा तिन्ही वाटांनी पैसे गेलेले आहेत. केसही गेले. वर्ष मात्र जाता कामा नये. "एकदा गेलं की गेलं हो," असं ते म्हणतात तेव्हा नवा माणूस गंभीर होऊन "कधी? काय झालं होतं?" असं विचारतो.

दुसरा मंत्र, "सायन्सवरून कुठेही जाता येतं, कुठूनही सायन्सला येता येत नाही." यात तथ्य आहे. बारावी सायन्स झालेलं पोर बी.कॉम.ला जातं, बी.ए.ला जातं, वकिलीला जातं. उलट वाटेने इंजिनिअरिंगला कुणी जात नाही. फक्त भाऊ हा मंत्र दहावीत चित्रकलेचं बक्षीस मिळवलेल्या पोरांना त्या बक्षीस समारंभातच ऐकवतात, एवढंच.

त्यांची माहिती मात्र पक्की. एनआयटीत परदेशातल्या भारतीय मुलांसाठी जी 'डासा' योजना आहे, तिच्यात आखाती कामगारांच्या मुलांना फीची सवलत आहे. तिला सीआयडब्ल्यूजी म्हणतात. त्यासाठीच्या कागदपत्रांची फाइल भाऊंनी मुलगी पाचवीत असतानाच उघडली. २०२१ साली नीटची परीक्षा पहिल्यांदाच भारताबाहेर झाली, ती कुवेतमध्ये आणि दुबईत. तोवर डॉक्टर व्हायचं म्हणजे पोराला विमानात बसवून कोचीला नाहीतर मुंबईला पेपर लिहायला न्यायचं. त्या निर्णयाचं श्रेय भाऊ दूतावासाला देतात, पण "मी एक मेल टाकला होता" हेही पुढे जोडतात. मेल इनबॉक्समध्ये आहे. उत्तर आलेलं नाही.

तर अशा माणसाच्या घरात यंदा स्फोट झाला. त्यांची मुलगी अकरावी सायन्स पास झाली आणि म्हणाली, मला पुन्हा अकरावीत बसायचंय. ह्युमॅनिटीजला. इतिहास, सायकॉलॉजी, पोलिटिकल सायन्स.

नापास झाली असती तर भाऊंनी समजून घेतलं असतं, त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी फाइल आहे. पण ही पास झाली होती. फिजिक्सला सत्तरात चव्वेचाळीस, प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस. पास झालेल्या माणसाने परत त्याच वर्गात बसायचं, ही कल्पना भाऊंच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

"फिजिक्स येतं ना तुला?"

"येतं."

"मग?"

"बाबा, कारल्याची भाजीसुद्धा करता येते मला."

भाऊंनी पहिला उपाय सुचवला, तो विषय बारावीला बदलण्याचा. तो सीबीएसईनेच हाणून पाडला. अकरावी-बारावी हा बोर्डाच्या लेखी दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम. अकरावीत जे विषय शिकलात तेच बारावीला द्यायचे. सायन्सची गणितं सोडवून बारावीला इतिहासाच्या पेपराला जाऊन बसता येत नाही. बदल हवा तर अकरावी पहिल्यापासून. दुसरा उपाय, बारावी सायन्सच कर आणि मग खुशाल बी.ए. कर. यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे जे सोडायचंय ते आणखी एक वर्ष मन लावून करू?" भाऊ "हो" म्हणाले आणि आपण नक्की कशाला हो म्हणालो याचा विचार करत चहा करायला उठले. भाऊ चहा करतात म्हणजे परिस्थिती गंभीर आहे, हे वहिनींनी तेव्हाच ओळखलं.

मग एक्सेल आलं. मी ती शीट पाहिली आहे. रकाने चार: पर्याय, खर्च दिनारमध्ये, जोखीम, उपाय. सोळाव्या ओळीपर्यंत फी, क्लास, पुस्तकं असा सरळ मामला आहे. सतराव्या ओळीत "नातेवाईक, डोंबिवली", जोखीम: हाय. अठराव्या ओळीत "नातेवाईक, पुणे", जोखीम: व्हेरी हाय. उपायाच्या रकान्यात दोन्हीकडे एकच नोंद: "सांगू नये." विसाव्या ओळीत "लग्न" लिहून पुसलेलं होतं. ते कुणी पुसलं हे घरात कुणी सांगत नाही, पण त्या दिवशी लॅपटॉप वहिनींच्या मांडीवर होता.

कुवेती घरांत दिवानिया असते. बाहेरच्या अंगाची बैठकीची खोली. रात्री पुरुषमंडळी जमतात, चहा-कॉफी फिरते आणि बाजारभावापासून राजकारणापर्यंत सगळ्याचा फैसला होतो. या देशातले कितीतरी व्यवहार तिथेच जुळले म्हणतात. शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्याने भाऊंच्या हॉलमध्ये गुरुवारी रात्री आमची मराठी दिवानिया भरते. कुवेती दिवानियात निर्णय होतात आणि आमच्यात साबुदाणावडे होतात, एवढाच फरक.

त्या गुरुवारी विषय अर्थातच अकरावीचा होता. बँकेतले एक गृहस्थ म्हणाले, "एक वर्ष उशिरा नोकरीला लागलं की पगार बुडतो तो सुरुवातीच्या वर्षाचा नाही, शेवटच्या वर्षाचा. म्हणजे सगळ्यात मोठा." हॉलमध्ये शांतता पसरली. सोळा वर्षांच्या मुलीचा निवृत्तीच्या वेळचा पगार तिथे बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून वाहून गेला. दुसरे म्हणाले, मुलगी आहे ते बरं, मुलगा असता तर वाढत्या वयाचा हिशेब अकाम्याशीही, म्हणजे निवास परवान्याशीही, जुळवावा लागला असता. कुणाच्या तरी वहिनी म्हणाल्या, "लातूरला पाठवा. माझ्या भाच्याचं आयुष्य लातूर पॅटर्नने बदललं." भाऊ ताडकन उठून बसले. अकरावी-बारावी दोन्ही परदेशात केली नाही तर डासा हातचं जातं, हे त्यांनी नियमाच्या कलमासकट सांगितलं. ज्या मुलीला एनआयटीला जायचंच नाही तिची एनआयटीतली जागा अर्धा तास प्राणपणाने लढवली गेली. मुलगी आतून आली, दोन वडे घेतले आणि परत आत गेली.

आता भाऊ पोटासाठी काय करतात ते सांगतो, म्हणजे गंमत कळेल. रिफायनरीतलं युनिट काही वर्षांनी मुद्दाम बंद करतात. बिघडलेलं नसतं. चालू असतं, माल देत असतं, तरी बंद करतात. पाइपांत पोलादी ब्लाइंड टाकून ते बाकीच्या प्लँटपासून तोडतात, भांडी उघडतात, आत माणसं उतरवून झिजलेलं बदलतात, गळकं वेल्ड करतात, तपासणी करतात आणि मग हळूहळू पुन्हा चालू करतात. त्या दिवसांत उत्पादन शून्य आणि खर्च दुप्पट. वरचे साहेब दर वेळी म्हणतात, चालतंय ना, पुढच्या वर्षी बघू. आणि भाऊ दर वेळी त्यांच्यासमोर तक्ते टाकून पटवतात की आज आपण बंद केलं नाही तर उद्या ते स्वतःच्या मर्जीने बंद पडेल, रात्री दोन वाजता, भर ऑगस्टमध्ये. "चालू युनिट बंद करायला छाती लागते," हे वाक्य त्यांनी नव्या इंजिनिअरांपुढे इतक्या वेळा म्हटलंय की ती पोरं त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. हे सगळं ज्ञान मीना अब्दुल्लाच्या गेटवर गेटपाससोबत जमा करून भाऊ घरी येतात.

शेवटी ज्यांना "सांगू नये" असं ठरलं होतं त्यांना सांगावंच लागलं, कारण आजीने व्हिडिओ कॉलवर नातीलाच विचारलं आणि नात खोटं बोलत नाही. आजी डोंबिवलीत असतात. जुनी अकरावी मॅट्रिक. भाऊंना वाटलं, आई आपल्या बाजूने. त्यांनी फोन हातात घेतला, सगळी केस मांडली आणि समारोप केला, "एकदा वर्ष गेलं की गेलं, आई."

आजी म्हणाल्या, "तुझं नाही का गेलं?"

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा भाऊ नववीत होते आणि याच साल्मियात राहत होते. बस करून बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सीमा, वाळवंटातली छावणी आणि शेवटी अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोनेक महिन्यांत लाखाच्या वर भारतीय असे परतले. ही कथा भाऊ इतकी सुंदर सांगतात की गणेशोत्सवात तिची फर्माईश होते. पाण्याची बाटली, वडिलांनी बुटात लपवलेले दिनार, सगळं येतं. पुढचं मात्र येत नाही. डोंबिवलीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, वर्ष अर्धं सरलंय, बोर्ड वेगळं, विषय वेगळे, जूनमध्ये या. भाऊ दुसऱ्यांदा नववीत बसले. नवे विषय घेऊन. मराठी आणि संस्कृत.

"ते युद्ध होतं, आई," भाऊ म्हणाले.

"मग आता तुझ्या घरात काय चाललंय?"

भाऊंनी काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला. "आणि एक सांगू का," आजी पुढे म्हणाल्या, "तू कुवेतहून आलास तेव्हा तुला 'ळ' म्हणता येत नव्हता. ते एक वर्ष जास्त बसलास म्हणून आज स्टेजवर माइक धरून उभा राहतोस. नाहीतर तुझं मराठी कोण ऐकणार होतं?"

भाऊंनी फोन म्यूट केला. घाईत स्वतःचाच केला. त्यामुळे आजी पुढे बराच वेळ बोलल्या आणि मध्येच कुणी अडवलं नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाऊ शाळेत जाऊन फॉर्मवर सही करून आले. येताना काउंटरवरच्या बाईंना फॉर्मच्या मांडणीतल्या दोन चुका दाखवून आले. मुलगी आता पुन्हा अकरावीत आहे, एक वर्षाने लहान मुलींमध्ये, आणि तिथे तिला सगळे ताई म्हणतात याचा तिला राग येतो. बाकी बरं चाललंय. सायकॉलॉजीच्या पहिल्या प्रोजेक्टसाठी तिने "निर्णय घेताना माणसं काय करतात" हा विषय घेतलाय आणि तिला घराबाहेर जावं लागलेलं नाही.

भाऊंचं म्हणाल तर त्यांनी धोरण बदललंय, स्वभाव बदललेला नाही. "हल्ली एक वर्ष म्हणजे काय हो? प्लॅन्ड शटडाउन!" असं ते आता सगळीकडे सांगतात आणि "मी आधीच सांगितलं होतं" हेही जोडतात. मुलगी यूपीएससी करणार असंही त्यांनी जाहीर केलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. गेल्या गुरुवारी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या एका मुलाला तासभर समजावलं की तू अकरावी परत कर. तो मुलगा सायन्समध्ये वर्गात पहिला आहे आणि अगदी सुखात आहे.

तुमच्या घरात अकरावीतलं कुणी असेल आणि विषय बदलायचं मनात असेल, तर शाळेत अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच द्या. उशीर केलात तर हव्या त्या तुकडीत जागा मिळेलच असं नाही. भाऊंचा नंबर माझ्याकडे मागू नका. ते स्वतःच फोन करतात.