कोल्ह्याची साक्ष

गोष्टीतल्या कोल्ह्याने द्राक्षं न चाखताच ती आंबट असल्याचा निकाल दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या बदनाम झाला. नाशिकच्या एखाद्या वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये उभा असलेला नवशिका नेमकं उलटं करतो. तो चाखतो, त्याला आंबट लागतं, दातही आंबतात. पण तोंडातून शब्द येतो, ‘ब्लॅकबेरी’. या गृहस्थाने जन्मात ब्लॅकबेरी पाहिलेली नसते. जांभळं मात्र जीभ निळी होईपर्यंत खाल्लेली असतात आणि करवंदाचा चीक ओठांना कसा चिकटतो हेही ठाऊक असतं. पण काउंटरपलीकडच्या मुलाने पेल्यात चमचाभर वाइन ओतताना ‘ब्लॅकबेरी आणि व्हॅनिला’ असं आधीच सांगून ठेवलेलं असतं. दोनशे-तीनशे रुपये भरून आलेला माणूस पाच घोटांत स्वतःचं अज्ञान जाहीर करायला तयार नसतो. शेजारी थुंकण्यासाठी ठेवलेलं भांडं अखेरपर्यंत कोरडं राहतं, कारण पैसे मोजलेला घोट थुंकणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. थुंकला जातो तो फक्त स्वतःचा अभिप्राय.

वाइनच्या जगात या माणसाला कुणी विचारत नाही. त्यातून तो स्वस्तातली बाटली चाखत असेल तर मुळीच नाही. माझं म्हणणं असं की सगळ्या दरबारात भरवशाचा साक्षीदार तेवढा तोच आहे, कारण बाकीच्यांच्या जिभेआधी किंमत बोलते. हा आरोप हवेतला नाही. वाइनच्या प्रतिष्ठेचा पायाच किमतीवर घातलेला आहे. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोतल्या दलालांनी तिथल्या नामांकित लाल वाइनची पाच श्रेणींत वर्गवारी केली. ती करताना त्यांनी डोळे मिटून घोट घेतले नाहीत, कोणत्या वाइनला बाजारात वर्षानुवर्षं काय भाव मिळतो ते वह्यांत पाहिलं. महाग ती पहिली, त्याहून स्वस्त ती दुसरी. ती यादी आजही चालते. पहिल्या श्रेणीत त्यानंतर एकच बढती झाली, 1973 मध्ये मुतों रॉथशिल्डची. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला इतका वेळ लागला तर माणसं मोर्चा काढतात. वाइनच्या बाबतीत त्यालाच परंपरा म्हणतात.

आता जिभेचं पाहू. 2001 मध्ये बोर्दोतल्याच संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा दिली. रंग पाहताच विद्यार्थ्यांचे शब्द बदलले. पांढरीला लावलेली विशेषणं गळाली आणि त्याच द्रवाला लाल वाइनची शब्दकळा चिकटली. 2008 मध्ये कॅलिफोर्नियात 20 जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली आणि प्रत्येक घोटाआधी किंमत दाखवली. 90 डॉलरची म्हणून दिलेली वाइन दहा डॉलरच्या वाइनपेक्षा जास्त आवडली, वस्तुतः बाटली एकच होती. हे केवळ तोंडदेखलं कौतुक म्हणावं, तर मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही महाग घोटाला जास्त उजळला. म्हणजे फसवणूक अगदी आतपर्यंत पोचलेली. परीक्षकांची गत काय, तर कॅलिफोर्निया राज्याच्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन तीनदा पुढे आली तेव्हा दहातल्या जेमतेम एका परीक्षकाला तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देता आले. उरलेल्यांतल्या काहींनी एका घोटाला पदक दिलं आणि त्याच बाटलीच्या दुसऱ्या घोटाला घरी पाठवलं.

याउलट त्याच 2008 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. बाटल्या झाकून, किंमत लपवून सहा हजारांहून जास्त वेळा वाइन चाखवली. त्यात दीड-पावणेदोन डॉलरची होती, तशी दीडशे डॉलरचीही. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन अधिक आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. लेबल झाकलं की नवशिक्याची जीभ सरळ बोलते. पाचशे रुपयांच्या बाटलीबाबत तर लेबल झाकायचीही गरज नाही. तिथे राखायला कसली अब्रू नसते.

जाणकार यावर हसतील आणि त्यांच्या हसण्यात तथ्यही आहे. त्याच अभ्यासात प्रशिक्षित मंडळींना महाग वाइन थोडी जास्त आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. वाइनमधले वास कल्पनेतले नसतात. सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण दोन्हींत पायराझिन नावाची द्रव्यं असतात. शिराझमधल्या मिऱ्याच्या वासामागेही मिऱ्यातलंच एक द्रव्य असतं. मुरलेल्या रीसलिंगला चक्क रॉकेलचा वास येतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी 1984 च्या सुमारास वासांचं जे प्रसिद्ध चक्र तयार केलं, त्यात रॉकेलला मानाची जागा आहे. आता रेशनच्या रांगेत निळ्या रॉकेलचा डबा घेऊन ज्या पिढीने उन्हं काढली, तिच्याइतका या वासाचा अभ्यास युरोपात कुणाचा असेल? पण त्या पिढीतला माणूस पेला नाकाशी नेऊन ‘याला रॉकेलचा वास येतोय’ म्हणाला तर घरचे त्याला कोपराने ढोसतील. तज्ज्ञाने तेच म्हटलं की त्याची नोंद होते. माझी तक्रार तज्ज्ञांच्या नाकाबद्दल नाही. तज्ज्ञ वर्षानुवर्षं नाक घासून शब्दापर्यंत पोचतो, नवशिका पोचतो थेट शब्दापर्यंत, वाटेत नाक लागतच नाही.

दुसरा आक्षेप असा की शब्द उसने घेतल्याशिवाय रुची घडत नाही. हे म्हणणाऱ्याने मे महिन्यात हापूसची पेटी घेणारा माणूस पाहावा. तो देठाशी नाक नेतो, साल बोटाने चाचपतो, ‘देवगड’ छापलेल्या पेटीकडे दुर्लक्ष करून ‘हा कर्नाटकी आहे’ म्हणून भाव पाडतो आणि घरी कापल्यावर साका निघाला तर दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. त्याला कुणी आंब्याचा कोर्स करायला लावला नव्हता. चव सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही. आंबटढाण, गोडमिट्ट, तुरट, पाणचट, गुळचट, उग्र, करपट यातला प्रत्येक शब्द वाइनच्या पेल्यात चपखल बसतो. उलट इंग्रजी शब्दांनी घोटाळाच होतो. ‘ड्राय’ म्हणजे ज्यात साखर जवळपास उरलेली नाही अशी वाइन. पण नवशिक्याला वाटतं, तोंड कोरडं पडतं ती ड्राय. तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जिभेवरचं वंगण जातं. आपल्या षड्रसांत याला कषाय म्हणून स्वतंत्र खुर्ची आहे, आणि कच्चं केळं चावलेल्या पोरालाही ‘तुरट’ म्हणजे काय ते कळतं. पेल्याच्या कडेने ओघळणाऱ्या थेंबांना वाइनचे ‘पाय’ म्हणायचं आणि ते बघून माना डोलवायच्या, हाही तसाच प्रकार. कडेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडतं, पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि थेंब होऊन घसरतो. त्यावरून अल्कोहोल किती याचा अंदाज येतो, दर्जा कळत नाही. पाय काय, देशीलाही फुटतील.

राहिला प्रश्न स्वस्त वाइन खरंच वाईट असते का, हा. काही असतात, आणि त्यांची बाजू घेण्याचं मला कारण नाही. गोव्यातून येताना पिशवीत हटकून जी ‘पोर्ट’ असते, तिचंच घ्या. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. आंबण्याची क्रिया द्राक्षाचंच मद्य घालून अर्ध्यावर थांबवतात, म्हणून तिच्यात साखर उरते. आपल्याकडच्या गोडमिट्ट पोर्टचा त्या खोऱ्याशी संबंध बऱ्याचदा नावापुरताच असतो. ती पिऊन नवशिका बावळटासारखा म्हणतो, ‘द्राक्षाच्या गोळीसारखी लागते.’ सगळे हसतात. पण अशा वाइनसाठी वापरलं जाणारं बंगळूर ब्ल्यू हे द्राक्ष अमेरिकन लॅब्रुस्का कुळातलं. त्या कुळाचा खास वास ज्या मिथाइल अँथ्रॅनिलेटमुळे येतो, तेच द्रव्य द्राक्षाच्या गोळ्यांना वास देण्यासाठी घालतात. म्हणजे बावळटाचं निदान प्रयोगशाळेतही टिकलं. या वासाला वाइनवाले काय म्हणतात? ‘फॉक्सी’. कोल्हा शेवटी वेलीपर्यंत पोचला म्हणायचा.

जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने किराणा सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्र घसा कोरडा होईपर्यंत भांडला. ती लागते कशी, हे त्या गदारोळात कुणी विचारलं नाही. खरं तर एखाद्या वायनरीने मागच्या लेबलावर साध्या मराठीत छापून पाहावं: ‘सुरुवातीला करवंद, मागून जांभळाच्या बीचा तुरटपणा, जरा पाणचट, झणझणीत मिसळीबरोबर घेऊ नये.’ मजकूर शंभर टक्के खरा असेल. फक्त किंमत दोनशे रुपयांनी उतरवावी लागेल, आणि तरीही गिऱ्हाईक बाटली उलटसुलट करून दुकानदाराला विचारेल, ‘हीच इंग्रजीत नाही का?’