वॅट आणि वाट

लंडनच्या उपनगरात संसार थाटलेल्या मराठी माणसाला पंचेचाळिशीच्या आसपास दोन स्वप्ने पडू लागतात. एक कोकणात घर बांधण्याचे, दुसरे विजेवर चालणाऱ्या दणकट सायकलीचे. पहिले स्वप्न भाऊबंदांमुळे रखडते. दुसऱ्याला भाऊबंद नसतात, म्हणून ते हप्त्याने घरपोच येते. चार इंची रुंद टायर, हजार वॅटची मोटर, पुढे रेड्यासारखी झुकलेली मान आणि अंगावर ठळक अक्षरांत ‘सर्व भूप्रदेशांसाठी’. जाहिरातीतला स्वार बर्फातून, वाळूतून, ओढ्यातून आणि नुकत्याच थंड झालेल्या ज्वालामुखीवरून जातो. त्याला वाटेत सिग्नल लागत नाही आणि परत येताना कोथिंबीर आणायची नसते. ही सायकल विकत घेणारा मात्र राहतो स्टॅनमोरला. स्टॅनमोर म्हणजे ज्युबिली लाइनचे उत्तर टोक. १९३२ साली इथे स्टेशन झाले आणि त्याच वर्षी लंडनात महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण गाडी आणि मंडळ ही दोन्ही वेळेवर सुटावीत ही इथल्या मराठी माणसाची अपेक्षा तेव्हापासूनची असावी.

अशा सायकलीची परीक्षा कशी करावी, याची एक रूढ पद्धत आहे. मोटर किती वॅटची, बॅटरी किती अँपिअर-तासांची, ब्रेक तेलाचे की तारेचे, हे तक्त्यात मांडायचे आणि बेरीज करायची. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळले की झाले, मग मुलगा काय करतो हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की या वाहनाची परीक्षा वाहनावर करताच येत नाही. ती नकाशावर करावी लागते. गावाकडे अर्धा एकर घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, वहिवाटीचा रस्ता कुणाच्या बांधावरून जातो ते तलाठ्याला तीनदा विचारतो. आणि इथे कोणी ‘सर्व भूप्रदेश’ विकतो, तेव्हा ते भूप्रदेश कोणाच्या नावावर आहेत एवढेही विचारत नाही. ते विचारले, तर स्टॅनमोरपुरता एक नियम हाती लागतो, तो असा: वॅट वाढले की वाट घटते.

आधी भूगोल घेऊ. स्टॅनमोरला डोंगर आहे हे इथले लोक गांभीर्याने सांगतात. स्टॅनमोर कॉमनचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंच आहे. पुणे शहर साडेपाचशे मीटरवर वसलेले आहे. म्हणजे स्टॅनमोरच्या माथ्यावर उभे राहून जो अभिमान वाटावा, त्याच्या जवळजवळ चौपट अभिमान शनिवारवाड्यासमोर रिक्षाला हात करणाऱ्या माणसाला वाटायला हवा. पुणेकराला तो वाटतोच, पण त्याची कारणे वेगळी असतात. आता या डोंगराला किती ताकद लागते ते मोजू. पंचाहत्तर किलोचा माणूस आणि पस्तीस किलोची सायकल, म्हणजे एकशे दहा किलो. शंभर मीटरमागे सहा मीटर चढ धरा, हा घाम काढणारा चढ झाला. ताशी १२ किलोमीटरने तो चढायचा तर उंची गाठायला साधारण २१६ वॅट लागतात. टायरचे घर्षण आणि वारा धरून गोळाबेरीज २६० च्या घरात जाते. मोटरने २५० दिले, तर उरलेले दहा वॅट पायांनी द्यायचे. दहा वॅट म्हणजे चकली पाडायला जेवढा जोर लागतो त्याहून फार नव्हे. हजार वॅटची मोटर हाच चढ ताशी पस्तीसने चढवील. किलोमीटरभराच्या चढावर वाचतात तीन मिनिटे आणि थोडी सेकंदे. प्रश्न एवढाच उरतो, की त्या तीन मिनिटांत स्टॅनमोरमध्ये करण्यासारखे काय आहे?

राहिला तो चिखल. माथ्यावर गोलगोट्यांची खडी आहे आणि भूशास्त्रात तिला स्टॅनमोरचेच नाव दिलेले आहे. गावाच्या नावाचा अर्थही दगडांचे तळे असाच. या खडीखाली लंडनची प्रसिद्ध चिकणमाती आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चप्पल सोडून आलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. रुंद टायरची सायकल मुळात बर्फ आणि वाळू यांच्यासाठी जन्माला आली. मऊ जमिनीवर वजन पसरले की चाक रुतत नाही, हे तिचे तत्त्व. चिकणमाती वेगळ्या स्वभावाची आहे. ती चाकाला रुतवून घेण्यापेक्षा चाकाबरोबर घरी येणे पसंत करते. ऑक्टोबर ते मार्च या काळात हा दणकट स्वार जो भूप्रदेश जिंकतो, त्याचा बराचसा भाग संध्याकाळी बोळातल्या गालिच्यावर मोजून घेता येतो.

आता सातबारा. ब्रिटनच्या कायद्यात विजेच्या मदतीने चालणारी सायकल ही सायकल कधीपर्यंत राहते, हे १९८३ चे नियम सांगतात. २०१५ साली त्यांत दुरुस्ती झाली. मोटरची सतत टिकणारी ताकद २५० वॅटपर्यंत, ताशी साडेपंधरा मैल म्हणजे २५ किलोमीटर गाठले की मोटरने हात आखडता घ्यायचा, फिरणारे पायडल हवेत आणि स्वाराचे वय निदान १४. एवढे पाळले की परवाना नको, नंबरप्लेट नको, विमा नको. त्यापलीकडे पाऊल पडले की ती मोटरसायकलच्या जातीत जाते. मग मान्यता, नोंदणी, परवाना, विमा, हेल्मेट, सगळे सोपस्कार मागे लागतात. खरी गंमत रस्ता सोडल्यावर सुरू होते. इंग्लंडच्या रानात दोन वाटा महत्त्वाच्या: पायवाट आणि घोडवाट. १९६८ च्या कायद्याने सायकलला घोडवाटेवर जाऊ दिले. अट एवढीच, की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचे. २५० वॅटची सायकल कायद्याने सायकलच, म्हणून तिलाही ती वाट मोकळी. हजार वॅटची मात्र मोटरवाहन झाली, आणि १९८८ च्या कायद्यानुसार पायवाट, घोडवाट, कॉमन, माळरान यांवर विनापरवानगी मोटरवाहन नेणे हा गुन्हा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. याचा सरळ अर्थ असा, की घोडवाटेवर घोड्याला मुभा आहे, अश्वशक्तीला बंदी. जी सायकल सर्व भूप्रदेशांसाठी बनवली तिला फक्त डांबरी सडक उरते, तीही कागदपत्रे झाली तर. आणि जी बिचारी काही मिरवत नाही तिला रान खुले होते.

उरलेले दावे गाळून घेण्यासाठी स्टॅनमोरइतके योग्य गाव नाही. इथल्या बेंटली प्रायरीत १९४० साली ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचे मुख्यालय होते. किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांकडून येणारे उलटसुलट आकडे आधी फिल्टर रूममध्ये जात, तिथे ताडून बघितले जात आणि मगच पुढे पाठवले जात. सरसेनापती डाउडिंग यांची सगळी मदार या गाळणीवर होती. विमाने मोजकी असल्यामुळे ती उगाच आकाशात फिरवत ठेवायची नाहीत, नक्की कुठे गरज आहे ते कळले की तेवढीच पाठवायची. मोठ्या ताफ्यांनीच लढावे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी यावरून वादही झाले. सायकल घेणाऱ्यानेही घरात अशी एक फिल्टर रूम काढावी. ‘एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर’ हा आकडा आला, की तो तिथे थांबवावा. ४८ व्होल्ट आणि २० अँपिअर-तास म्हणजे ९६० वॅट-तास. शंभर किलोमीटर जायचे तर किलोमीटरला साडेनऊच वॅट-तास मिळतात. रुंद टायर, चढ, समोरचा वारा आणि पाठीवर दहा किलो तांदूळ एवढे धरले तर वीस-पंचवीस सहज लागतात. म्हणजे पल्ला चाळीस-पन्नासवर येतो. शंभर किलोमीटर जाणारा स्वार कुठेतरी असेलच. तो सडपातळ आहे, त्याला वारा नेहमी पाठून असतो, आणि बहुधा पायडलही तोच मारतो.

पहिला आक्षेप व्यवहारी आहे. ‘आत्ता नको असेल, पुढे लागेल. ताकद शिल्लक असलेली बरी.’ धाकट्याचा शर्ट दोन नंबर मोठा घेणारी ही परंपरा आहे आणि तिचा मी आदर करतो. पण शर्टात मूल वाढते. पंचेचाळिशीनंतर मोटरच्या आत माणूस वाढत नाही, वाढला तर बाजूने वाढतो. शिवाय शिल्लक ताकदीला वजन असते. मोठी मोटर, तिला मोठी बॅटरी, त्या दोघींना पेलणारी मोठी चौकट. मग या सगळ्यांना ओढायला आणखी ताकद. सरकारी खात्यात एका कारकुनाचे काम वाढवायला दुसरा कारकून नेमतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. ‘गुडघे गेलेल्यांनी काय करायचे?’ डोंगराच्या एका अंगाला, ब्रॉकली हिलवर, रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे. हाडांचे रुग्णालय चढावर बांधणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, पण प्रश्न टाळू नये. नियमातले २५० वॅट हे सतत टिकणाऱ्या ताकदीचे आहेत; क्षणभर जास्त जोर लावायला मनाई नाही. पायडलपाशी बसवलेली बॉशची अडीचशे वॅटची मोटर वेळ आली की सहाशेपर्यंत जाते, आणि तिथली मोटर गिअरमधून काम करते म्हणून चढावर तिचा हात सैल पडत नाही. गुडघ्याला हवा असतो तो सुरुवातीचा जोर, शेवटचा वेग नव्हे. आणि गुडघ्याची खरी कसोटी लागते उतरल्यावर. पस्तीस किलोची सायकल दोन पायऱ्या चढवून बोळात घ्यायची असते, तिथे एकही वॅट मदतीला येत नाही.

तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो. ‘बघतंय कोण?’ पोलीस बघतात आणि विमा नसलेले वाहन उचलूनही नेतात. पण पोलीस नसले तरी पल्ला बघतच असतो. समजा, गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जायचे आहे. ज्युबिली लाइनने सहावे स्टेशन, रस्त्याने दहाएक किलोमीटर. ताशी पंचेचाळीसने निघालेला आणि पंचविसाने निघालेला, दोघे किंग्जबरीच्या सिग्नलला शेजारी शेजारी उभे असतात. आरतीला बॅटरी संपली तर सायकल ट्यूबमध्ये घालून घरी आणू, असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, स्टॅनमोर ज्या हॅरोत मोडते त्याच हॅरोतल्या रेनर्स लेन स्टेशनावर एका सायकलीने पेट घेतला, आणि ३१ मार्चपासून घडी न होणाऱ्या विजेच्या सायकलींना ट्यूबची दारे बंद झाली. तेव्हा मंडळापासून स्टॅनमोरपर्यंत मोदक पोटात आणि हजार वॅट हातात, असे चालत यायचे. जो स्वार होऊन गेला तो हमाल होऊन परततो.

‘मग भारतात नेऊ,’ हा शेवटचा डाव. महाराष्ट्रात पाणंदी आहेत, घाट आहेत, पावसाळ्यात तर डांबरी रस्ताही सर्व भूप्रदेश होतो. पण तिथला १९८९ चा मोटरवाहन नियमही हेच दोन आकडे धरून बसला आहे: मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, तरच नोंदणीतून सुटका. साम्राज्य गेले, पण ही सरहद्द दोघांनी सामाईक ठेवली. विलायतेत सरकारने २०२४ मध्ये मर्यादा पाचशे वॅट करावी का, असे लोकांना विचारले, आणि जानेवारी २०२५ मध्ये नको असे ठरवले. हौसेला मोल नसते, हे मला मान्य आहे. ज्याच्या ओळखीत एखादा शेतकरी आहे आणि जो त्याला आपल्या शेतात धुरळा उडवू देतो, त्याने हजार वॅट जरूर घ्यावेत. त्याच्याकडे सातबारा आहे. बाकीच्यांनी ताकद निवडताना आधी वाट मोजावी.

हॅरो-ऑन-द-हिलच्या ग्रोव्ह हिलवर एक फलक आहे. २५ फेब्रुवारी १८९९ रोजी एडविन सेवेल हा एकतीस वर्षांचा चालक त्रेसष्ट वर्षांच्या मेजर रिचर यांना एक डेमलर गाडी दाखवत होता. विकत घेण्याआधी गाडीची परीक्षा चालली होती. उतारावर ब्रेक लावताच मागचे चाक मोडले. सेवेल जागीच गेला, मेजर काही दिवसांनी. मोटरगाडीच्या अपघातात चालक मरण्याच्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. तो फलक येणाऱ्याजाणाऱ्याला सावध राहायला सांगतो. त्या दिवशी कमी पडली ती ताकद नव्हती. हजार वॅटच्या स्वाराला फलक दिसेपर्यंत तो मागे पडलेला असतो. अडीचशे वॅटची सायकल मात्र तो चढ अशा बेताने चढते, की फलक शेवटपर्यंत वाचून होतो.