बेड नंबर सातच्या परीक्षक महोदयांस खुले पत्र

प्रति,
मा. परीक्षक महोदय (वय वर्षे 9),
बेड नंबर 7, बालरोग विभाग,
सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

विषय : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात आपला अभिप्राय मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, नुकत्याच पार पडलेल्या प्रॅक्टिकल परीक्षेत आपण लाँग केस (म्हणजे सविस्तर तपासायचा पेशंट) म्हणून आमच्या बॅचला जे सहकार्य केलेत, त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले आहे. बाहेरगावाहून आलेल्या एक्स्टर्नल सरांना पुष्पगुच्छ मिळाला, दुपारच्या जेवणात श्रीखंड होतं. आपल्याला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा मिळाला. तोही आपल्या शेजारच्या बेडवरच्या नेफ्रोटिक मुलाबरोबर निम्मा-निम्मा.

वास्तविक त्या परीक्षेत आपल्याइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. थॅलेसेमिया मेजरमुळे आपण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येता. त्यामुळे परीक्षेची तारीख लागली की विभागातून पहिला फोन आपल्या आईंना जातो : "या वेळी जरा दोन दिवस आधी या, परीक्षा आहे." आपली प्लीहा विद्यार्थ्यांच्या तीन-चार पिढ्यांनी चाचपलेली. आणि चेहऱ्यावरचा पांढुरकेपणा परीक्षकांना नीट दिसावा म्हणून त्या दिवशी रक्ताची पिशवी आपल्याला दुपारनंतर लागली, हेही आम्हाला ठाऊक आहे. यासाठी आपल्या भत्त्याचा काही जी.आर. निघाल्याचे ऐकिवात नाही.

परीक्षक म्हणून आपली पद्धत मात्र मला फार आवडते. घाबरलेला विद्यार्थी डाव्या बाजूला येऊन उभा राहिला की आपण पडल्यापडल्याच सांगता, "दादा, इकडून." त्याचा हात थेट बरगडीखाली गेला, की "तिथून नाही, उजवीकडून खालून वर यायचं." आणि त्याने टेप काढली की डोळे मिटूनच, ओठ न हलवता, "पाच म्हणा. मोठे सर मागच्या वेळी पाच म्हणाले होते." आमच्या बॅचमधल्या सहा जणांची प्लीहा त्या दिवशी बरोबर पाच सेंटिमीटर भरली. एकाने प्रामाणिकपणे मोजून साडेसहा सांगितली. त्याला विचारलं गेलं, "आर यू शुअर?" तो शुअर नव्हता. गुण गेले.

आता आमचे गुण कसे ठरतात ते आपल्याला थोडक्यात समजावून देणे मी माझे कर्तव्य समजतो. विद्यापीठाच्या परीक्षेत बालरोगशास्त्राचे लेखी 100 आणि प्रॅक्टिकलचे 100. त्या परीक्षेला बसायचं तर आधी इंटर्नल असेसमेंटमध्ये लेखी आणि प्रॅक्टिकल मिळून 50 टक्के लागतात, लेक्चरची हजेरी 75 टक्के आणि वॉर्डातली 80 टक्के. हजेरी यंत्र घेतं, अंगठा लावला की लागते. त्यानंतर तो अंगठा वॉर्डात राहतो की कॅन्टीनमध्ये जातो, हे यंत्राला कळत नाही. कळावं अशी कुणाची सक्तीही नाही.

आपल्या फाइलला वाढीचा तक्ता टाचलेला आहे, आपण पाहिला असेलच. बालरोगाच्या पोस्टिंगमध्ये आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावतात की मुलाच्या एका दिवसाच्या वजनावरून काही बोलायचं नाही. ठिपके जोडायचे आणि रेघ कुठे चालली आहे ते बघायचं. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. पण खालच्या रेघेवर जन्मून त्याच रेघेवर नेटाने चालणारं मूल ठीक असतं, आणि वरच्या रेघेवरून घसरत आलेलं मूल आज 'नॉर्मल' दिसलं तरी काळजीचं असतं. घईंच्या बालरोगाच्या पुस्तकात हे आहे, व्हायवात हमखास विचारतात, आम्ही फडाफडा सांगतो. आणि हे सांगून झाल्यावर आमचं स्वतःचं मोजमाप मात्र एका सकाळी होतं, एका केसवर, एकाच परीक्षकाच्या त्या वेळच्या तब्येतीप्रमाणे.

हा अन्याय दूर व्हावा म्हणून वैद्यकीय शिक्षणाच्या नियामकांनी लॉगबुक आणलं, हे मान्य केलं पाहिजे. 2019 सालच्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक कौशल्याला क्रमांक आहे, बालरोगाच्या क्रमांकांपुढे 'पीई' लागतं. प्रत्येक कौशल्यापुढे तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा, दर्जा बी, एम की ई (अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका, अपेक्षेपेक्षा जास्त), शिक्षकांचा निर्णय आणि त्यांची सही. कल्पना उत्तम होती : विद्यार्थ्याचाही वाढीचा तक्ता असावा, आठवड्याला एक ठिपका पडावा.

आमच्याकडे सगळे ठिपके एकाच संध्याकाळी पडतात. पोस्टिंग संपायच्या आदल्या दिवशी सेमिनार रूमबाहेर रांग लागते. प्रत्येकाकडे तीन पेनं असतात, दोन निळी आणि एक काळं, कारण चारही आठवडे एकाच शाईत उमटले तर बरं दिसत नाही. मॅडमच्या समोर साठ लॉगबुकं. त्यांनी ओपीडी उरकलेली असते, एनआयसीयूतून दोनदा फोन आलेला असतो. त्या 'एम' लिहितात, सही करतात, पान उलटतात, 'एम' लिहितात. 'एम' हे फार सोयीचं अक्षर आहे, महोदय. 'बी' दिला तर त्या विद्यार्थ्याचा जादा वर्ग घ्यावा लागतो आणि तो मॅडमनाच घ्यावा लागतो. 'ई' दिला तर काय पाहून दिला असं कुणी विचारू शकतं. 'एम'ला कुणी काही विचारत नाही. मॅडमना दोष देण्याचं माझ्या मनात नाही; दीडशेच्या बॅचला अपुरे शिक्षक देऊन प्रत्येकावर लक्ष ठेवा म्हणणाऱ्यांना मी जास्त मानतो, त्यांचा विनोद उच्च दर्जाचा आहे.

आणखी एक रकाना असतो : 'फीडबॅक मिळाला', आणि त्यापुढे विद्यार्थ्याची सही. मी सगळीकडे सही केली आहे. मला मिळालेला फीडबॅक दोन शब्दांचा होता : "चल, पुढचा."

मग ओस्की, म्हणजे टेबलाटेबलांवर घेतली जाणारी परीक्षा. 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डेन साहेबांनी ही पद्धत मांडली, ती परीक्षकाच्या लहरीवर उतारा म्हणूनच. टेबलं मांडायची, घंटा वाजली की विद्यार्थी पुढे सरकणार, परीक्षकाच्या हाती ठरलेली यादी. आमच्याकडे एका टेबलावर एक रेसिडेंट मॅडम जुलाब झालेल्या बाळाची आई होऊन बसल्या होत्या. बाळ रबराचं. नमस्कार केला : अर्धा गुण. स्वतःची ओळख दिली : अर्धा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायला सांगितलं : एक. आईला काही शंका आहे का असं विचारलं : एक. आमच्यातल्या एकीला या टेबलावर पैकीच्या पैकी मिळाले. त्याच दुपारी वॉर्डात बेड नंबर अकराची आई तिचा एप्रन धरून विचारत होती, "ताई, जुलाब चालू असताना अंगावरचं पाजू का?" बाई घाईत होत्या. सिस्टरना विचारा म्हणाल्या. तिथे घंटा नव्हती, यादी नव्हती, बाळही रबराचं नव्हतं.

आमची बाजूही ऐकून घ्यावी. एमडीची सीट ठरते नीट-पीजीच्या 200 प्रश्नांवर, चारांतला एक पर्याय निवडून. तिथे लॉगबुकातलं एकही अक्षर धरलं जात नाही. त्यामुळे वॉर्डात उभं राहणारा मुलगा मित्रांच्या मते वेळ वाया घालवत असतो, आणि लायब्ररीत मोबाईलवर व्याख्यानं ऐकणारा अभ्यासू असतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे. लायब्ररीत एसी आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या बॅचमध्ये एक जण आहे, आपण त्याला ओळखता. लुडोत आपल्याकडून नेहमी हरतो तो. पोस्टिंगच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आपल्याला रक्त लागलं तेव्हा तो आपल्या बेडच्या कडेला बसला होता. पिशवी सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. आपल्याला हुडहुडी भरली, आपण पांघरूण मागितलं. त्याने पांघरूण दिलं नाही, आधी कपाळाला हात लावला, नळीची चकती फिरवून रक्त बंद केलं आणि सिस्टरना हाक मारली. सुरुवातीची पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबायचं असतं आणि थंडी-ताप आला तर रक्त आधी थांबवायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्या वेळी तिथे मात्र तो एकटाच होता, कारण बाकीचे आम्ही सगळे अकराच्या लेक्चरला गेलो होतो. लेक्चरचा विषय होता रक्तसंक्रमणातील गुंतागुंती.

त्या दिवशी लेक्चरच्या हजेरीत त्याची गैरहजेरी लागली. लॉगबुकात त्याला 'एम' आहे. परीक्षेत तो काठावर पास झाला, कारण साडेसहा सेंटिमीटर सांगणारा तोच.

बालरोगशास्त्राला गुण द्यायचं वावडं आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 साली नवजात बाळाला दहापैकी गुण द्यायची रीत सुचवली. रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताण, श्वास, प्रत्येकी दोन. पहिल्या मिनिटाला आणि पुन्हा पाचव्या मिनिटाला. यादी पाच ओळींची, आणि पाहणारा बाळाजवळ उभा असतो. म्हणूनच ती जगभर टिकली. तेव्हा माझी नम्र सूचना अशी की आम्हालाही आपण आणि आपल्या आईंनी दहापैकी गुण द्यावेत. पोट तपासण्याआधी ज्याने तळवे घासून गरम केले, त्याला दोन. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजला, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं नाही, त्याला दोन. शेजारच्या बेडवरून आपल्याकडे येताना हात धुतले, दोन. आईने सांगितलेली हकिकत मध्ये न तोडता ऐकली, दोन. आणि जो "मुंगी चावेल हं" असं सांगून सुई टोचतो त्याला शून्य. "दुखेल, पण थोडाच वेळ" असं खरं सांगतो त्याला उरलेले दोन. यांतलं काहीही लांबून दिसत नाही, त्यामुळे हे गुण देण्यास आपल्याखेरीज दुसरं कुणी पात्र नाही.

यावर 'पेशंट काय परीक्षा घेणार, त्याला काय कळतं' असा आक्षेप विभागाकडून येईल. विभागाला नम्रपणे आठवण करून द्यावी की सहा जणांच्या पाच सेंटिमीटरचा उगम कुठला होता.

वाचकहो, शेवटची विनंती आपल्याला. शिकवणाऱ्या रुग्णालयात आपलं मूल दाखल असेल आणि एखादा एप्रनवाला विद्यार्थी तपासायला आला, तर त्याला तपासू द्या; त्याला शिकायला दुसरी जागा नाही. फक्त त्याचं नाव विचारून ठेवा. तो चांगला वागला तर तसं, आणि वाईट वागला तर तसं, साध्या कागदावर चार ओळींत लिहून विभागप्रमुखांच्या कार्यालयात द्या आणि पोच म्हणून आवक क्रमांक मागून घ्या.

आपला विश्वासू,
फायनल इयरचा एक विद्यार्थी (दर्जा : एम)