एमपीवाला

खाप्याहून परदेशी जायला पासपोर्ट लागत नाही. सावनेरपर्यंत एसटी, तिथून छिंदवाडा रोडने सौंसरची गाडी, की माणूस दुसऱ्या मुलखात, मध्य प्रदेशात. बोली तीच, संत्र्याच्या बागा त्याच, बाजूच्या सीटवरचे काकाजीसुद्धा चार प्रश्नांत नात्यातले निघतात. पण आमच्या गावचा जो गडी तिकडे नोकरीला जाऊन राहिला, तो सणाला घरी येतो तो थेट दुबईहून उतरल्याच्या थाटात.

खापा हे कन्हानकाठचं विणकरांचं गाव. हातमागांचा खडखडाट कमी होत गेला तशी पोरं पोटापाण्यासाठी पांगली. त्यातलं एखादं सौंसरजवळच्या बोरगावला कापडाच्या कारखान्यात लागतं. पहिल्या महिन्यात ते नुसतं गोंधळतं. दुसऱ्या महिन्यापासून ते तज्ज्ञ होतं आणि गाव त्याला ‘एमपीवाला’ म्हणू लागतं.

एमपीवाल्याचं पहिलं व्याख्यान पोह्यांवर होतं. “आमच्या एमपीत ना वहिनी, पोह्यावर तर्री नाही राहत. वरून शेव टाकतात, अन् बाजूले गरम जलेबी.”

“मंग दुसरी प्लेट काऊन मागून राहिले, भाऊजी?”

भाऊजी उत्तर देत नाहीत, कारण तोंडात तर्री असते. हाच गृहस्थ सोमवारी बोरगावच्या टपरीवर जलेबी चावत सांगतो, की पोहे खावे ते आमच्या नागपूरकडे. गोडाबरोबर पोहे खाणाऱ्याला तिखट काय समजणार! एमपीवाल्याचं एक तत्त्व पक्कं असतं : ज्या राज्यात पाय, त्याच्या पलीकडचं राज्य भारी.

मग सरकारी खातं उघडतं. इथे तलाठी, तिथे पटवारी. इथे सातबारा, तिथे खसरा. तिथे प्रत्येक कामाला समग्र आयडी मागतात आणि तो नंबर एमपीवाल्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगला पाठ असतो. तिथे सरकारी एसटी नाही. ते महामंडळ 2005 च्या सुमारास गुंडाळलं, आता सगळ्या खासगी गाड्या. “हात दाखवला की थांबते!” हे तो अभिमानाने सांगतो. किती वेळ थांबते, हे सांगत नाही.

आपल्या एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. त्यामुळे त्याची आई सौंसरला निघाली, की त्याच बसच्या त्याच सीटवर बसल्या बसल्या अर्ध्याची पूर्ण होते. माउलीला हे अजून पटलेलं नाही. “मी तेवढीच तर आहो,” ती कंडक्टरला ऐकवते, आणि माझ्या मते तिचंच बरोबर आहे.

एमपीवाल्याची खरी प्रतिभा मात्र श्रावणात फुलते. सौंसरची मराठी घरं आपल्यासारखाच श्रावण पाळतात. पण याने खोली घेतली ती हिंदी पंचांगवाल्यांच्या गल्लीत. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीत श्रावण लागतो आणि घरमालकीण मटणाचा वासही खपवून घेत नाही. खाप्यात तेव्हा आषाढ असतो आणि सावजी रस्सा ऐन भरात. एमपीवाला त्या पंधरवड्यात दर रविवारी आईच्या ओढीने गावी येतो. पुढे इथे श्रावण लागतो, तसा तो मुकाट्याने तिकडे जाऊन बसतो. राखीपौर्णिमेला गल्लीचा श्रावण संपला, की आमचे पोळ्यापर्यंतचे पंधरा दिवस तो खाप्यात फिरकतच नाही. कारखान्यात काम फार असतं म्हणे. दोन धर्मनिष्ठ राज्यांच्या मधोमध राहून या गड्याने महिन्याचा श्रावण पंधरा दिवसांवर आणला. भल्याभल्या शास्त्र्यांना हे जमलं नसतं.

पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आमची पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि नागपुरात मारबत निघते. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगड चालतात. “आमच्याकडे असा सण राहते!” एमपीवाला छाती फुगवून सांगतो. तो स्वतः काठावरही जात नाही.

त्याला कोणी तरी सांगायला हवं, की त्याचे आजोबा त्याच्याहून पक्के एमपीवाले होते. 1950 पासून 1956 पर्यंत खापा मध्य प्रदेशातच होतं आणि मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात. आजोबा मागावरून न उठता तीन राज्यं फिरले आणि त्यांनी पोह्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. नातवाच्याही पायाखाली जमीन सरकलीच : 2023 मध्ये सौंसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. तेव्हापासून तो “आमचा जुना जिल्हा” अशीही एक आठवण काढू लागला आहे.

एवढं एमपीचं कौतुक, एवढा तो तोंडपाठ समग्र आयडी. पण खाप्याच्या रेशन कार्डावरून नाव कमी करण्याचा अर्ज त्याने अजून दिलेला नाही, आणि तो देणारही नाही.