मिनिटाला 800 रुपये

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत असा प्रस्ताव मांडून पाहा : महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये देशोदेशीचे चांगले सिनेमे मोफत दाखवू या. विरोध कुणी करणार नाही. विरोध करायला सिनेमा कुठला ते माहीत असावं लागतं. फक्त खजिनदार चष्मा पुसत म्हणतील, ‘दाखवा, पण निदान 50 रुपये तरी ठेवा. फुकटचं लोकांना मोल नसतं.’ मग माना डोलतात आणि विषय उपसमितीकडे जातो. या सदराचा विरोध त्या 50 रुपयांना आहे. सिनेमाचं मोल किती, हे ठरवणं कर्नाटकात भल्याभल्यांना जमलेलं नाही. सरकारने 12 सप्टेंबर 2025 रोजी नियम काढून तिकीट 200 रुपयांवर बांधलं आणि 23 सप्टेंबरला उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अख्ख्या मंत्रालयाला जे साधलं नाही, ते खजिनदारांनी चष्मा पुसता पुसता उरकलं.

पैशात नाही, तरी वेळेत मात्र या शहरात सिनेमाचा भाव एकदा अधिकृतपणे फुटला आहे. डिसेंबर 2023 मध्ये ‘सॅम बहादूर’ पाहायला गेलेल्या एका प्रेक्षकाला ठरल्या वेळेनंतर सुमारे 25 मिनिटं जाहिराती पाहाव्या लागल्या. तो ग्राहक न्यायालयात गेला. 2025 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने पीव्हीआर-आयनॉक्सला आदेश दिला : मनस्तापाबद्दल 20,000 रुपये, दाव्याच्या खर्चाचे 8,000 आणि ग्राहक कल्याण निधीत 1 लाख. पुढे उच्च न्यायालयाने यालाही स्थगिती दिली. (सिनेमाच्या बाबतीत स्थगिती हाच इथला स्थायीभाव दिसतो.) पण भागाकाराला स्थगिती देता येत नाही. 20,000 भागिले 25, म्हणजे मिनिटाला 800 रुपये. या दराने अब्बास किआरोस्तामीचा ‘टेस्ट ऑफ चेरी’ घ्या. 1997 साली कानचं सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळालं. लांबी साधारण दीड तास. एक माणूस तेहरानच्या वेशीवरच्या धुळीत गाडी फिरवत राहतो आणि मेल्यावर आपल्यावर माती लोटायला कुणी मिळतं का ते शोधतो. तो निमूटपणे पाहणारा प्रेक्षक खुर्चीवर 72,000 रुपये ठेवून उठतो. त्याच्याकडून आणखी 50 मागणं म्हणजे हुंडा घेऊन झाल्यावर रिक्षाचे सुटे मागण्यासारखं आहे.

त्यात हेब्बाळकराचा भाव आणखी चढा. या शहरातली सिनेमाची जुनी-नवी ठाणी पाहा. 1971 साली सुरू झालेली ‘सुचित्रा’ फिल्म सोसायटी बनशंकरीत, मॅक्सम्युलर भवन इंदिरानगरात, बंगळुरू इंटरनॅशनल सेंटर दोम्मलूरला, अलियाँस फ्राँसेज वसंतनगरात. यांतल्या अनेक ठिकाणी अनेकदा प्रवेश मोफत असतो, फक्त तिथे पोहोचणं मोफत नसतं. हेब्बाळच्या 2003 च्या उड्डाणपुलाला 2025 मध्ये नवा लूप जोडावा लागला, यावरून त्यावर काय चालतं आणि काय चालत नाही ते कळावं. संध्याकाळी बनशंकरीला जायला दीड तास आणि परतायला दीड तास धरला (असं धरणारा माणूस आशावादी आहे), तर प्रवासाचेच 1,44,000 रुपये होतात. किआरोस्तामीच्या नायकाइतका वेळ गाडीत घालवून मग किआरोस्तामी पाहायचा, हे कलेवरचं प्रेम खरं. पण ते प्रत्येकाकडून अपेक्षू नये. म्हणून पडदा हेब्बाळातच लागला पाहिजे. तशी इथे परंपराही आहे. 2018 मध्ये इथे आठव्या शतकातली, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातली कित्तय्याची वीरगळ उजेडात आली. उघड्यावरची कथा, नायक शेवटी मरतो, आणि बघणाऱ्यांकडून काही घेतल्याची नोंद कुठेही नाही.

आता खजिनदारांचा मुख्य मुद्दा : पैसे घेतले की रसिक येतात, फुकट असलं की कोणीही येतं. याला पुरावा हवा तर फिल्म सोसायट्यांचा इतिहास आहे. कलकत्त्यात 1947 साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी सुरुवात केली, 1959 मध्ये फेडरेशन झालं, मुंबईत 1968 मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ उभं राहिलं. या चळवळीने दोन-तीन पिढ्यांना सिनेमा बघायला शिकवलं, हे ऋण मोठंच आहे. पण तिथे वर्गणी होती, सभासदत्वाचं कार्ड होतं, आणि सोसायट्यांना मिळणाऱ्या सवलतीमुळे परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीविना दिसत. त्यामुळे एखाद्या स्वीडिश चित्रपटाला हाऊसफुल्ल गर्दी व्हायची आणि नको तितके कपडे अंगावर असलेल्या हंगेरियन चित्रपटाला खुर्च्या रिकाम्या राहायच्या, हे त्या काळातले कार्यकर्ते स्वतःच हसत सांगत. वर्गणी सगळ्यांनीच भरलेली होती. तिने सभासदांची संख्या मोजली. कोण कशासाठी आलंय ते काही तिला ओळखता आलं नाही.

दुसरा आक्षेप, की फुकटच्या खेळाला शंभर जण ‘येतो’ म्हणतात आणि वीस येतात. खरं आहे. पण मंगळवारी सकाळी मल्टिप्लेक्समध्ये सात जण बसलेले असतात, तेव्हा तिकीट स्वस्त होतं म्हणून बाकीचे आले नाहीत, असा निष्कर्ष कुणी काढत नाही. वीस खुर्च्या मांडाव्यात. तिसरा आक्षेप तरुणांचा : सगळं ओटीटीवर आहेच की! आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि 2021 च्या एप्रिलमध्ये तो थेट नेटफ्लिक्सवर आला. तेव्हापासून मराठी घरांत तो ‘बघायचाय’ या यादीत सुखाने नांदतो आहे. घरच्या पडद्यावर संथ चित्रपटाला पहिल्या आलापातच कुकरची शिट्टी गाठते. चार अनोळखी माणसांत बसलं की उठून जायची लाज वाटते, आणि जगातल्या निम्म्या महान चित्रपटांचा दुसरा अर्धा भाग माणसांनी केवळ या लाजेपायी पाहिलेला आहे. ही सोय कुठल्याही ॲपमध्ये नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो कुणीच घेत नाही. प्रेक्षकाला फुकट म्हणजे दिग्दर्शकालाही फुकट का? कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात हौशी मंडळांना सूट आहे. पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे साहित्य, नाटक किंवा संगीत सादर करता येतं. चित्रपटाला ती लागू नाही. तेव्हा कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेला चित्रपट लावून वर ‘स्वतंत्र सिनेमाला पाठिंबा’ असा फलक टांगणं, हे ज्याच्या घरी चोरी केली त्याचाच सत्कार करणं झालं. स्वतंत्र चित्रपट करणाऱ्याच्या मागे ना स्टुडिओ असतो ना दुसरा आठवडा. परवानगी आणि तिचं शुल्क त्याला मिळालंच पाहिजे. ते दाराशी 50-50 गोळा करून नव्हे, तर मेंटेनन्सच्या त्याच निधीतून जावं, ज्यातून 31 डिसेंबरचा डीजे येतो. डीजेच्या वेळी ‘फुकट ठेवलं तर लोकांना मोल राहणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. तिथे मोल तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही बंद खिडकीतून रात्री एकपर्यंत कळत असतं. उपसमितीने हा खर्च त्याच शीर्षाखाली टाकायची शिफारस करायला हरकत नाही. फक्त तिची बैठक बहुधा जानेवारीत होते, आणि डीजेचं बिल त्याआधीच मंजूर झालेलं असतं.